दहावा हिस्सा मोजायचा कुणी? रोमचा पहिला प्रांत सिसिली

सिसिली बेटाच्या पूर्वेला, एटना ज्वालामुखीच्या दक्षिणेकडच्या मैदानाजवळ लिओंतिनी नावाचं गाव होतं. आज त्याला लेंतिनी म्हणतात. तिथली जमीन बेटावर सगळ्यात कसदार मानली जायची. तिथल्या पेरणीचा दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब आपल्याकडे आहे, कारण इ.स.पू. ७० मध्ये एका खटल्याच्या निमित्तानं तो लिहून ठेवला गेला. एका युगेरमला एक मेडिम्नस गव्हाचं बी लागायचं. युगेरम म्हणजे साधारण २५ गुंठे आणि मेडिम्नस म्हणजे साधारण ४० किलो गहू. चांगल्या वर्षी पेरल्याच्या आठपट पीक यायचं, आणि देवानं भरभरून दिलं तर दहापट.

आठपटीच्या वर्षी २५ गुंठ्यांच्या खळ्यावर ३२० किलोची रास पडायची. त्यातले ३२ किलो रोमचे. पुढच्या पेरणीचं ४० किलो बी बाजूला काढलं तरी अडीचशे किलोच्या आसपास उरायचं. त्यातून मजुरी, बैल, घरचं खाणं आणि विक्री. दहावा हिस्सा म्हणून पाहिला तर हा कर शेतकऱ्याला मोडणारा नव्हता, आणि सिसिलीचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तो देत आले. तरीही त्याच लिओंतिनीत तीन वर्षांत नोंदलेले शेतकरी ८४ वरून ३२ वर आले. कर तेवढाच राहिला आणि शेतकरी मात्र गाव सोडून गेले. हे कसं झालं हे कळण्यासाठी खळ्यावर उभं राहून पाहायला हवं, की रास मोजतंय कोण आणि आकडा लिहितंय कोण.

बेट रोमच्या हाती कसं आलं

सिसिलीच्या पूर्वेला ग्रीक शहरं होती, पश्चिमेला उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजची ठाणी. इ.स.पू. २६४ मध्ये मेसाना (आजचं मेसिना) कुणाच्या ताब्यात राहणार यावरून रोम आणि कार्थेजचं युद्ध पेटलं आणि ते तेवीस वर्षं चाललं. इ.स.पू. २४१ मध्ये बेटाच्या पश्चिम टोकाजवळच्या एगाडी बेटांपाशी कार्थेजचं आरमार बुडालं. तहात कार्थेजनं सिसिली सोडली आणि ३,२०० टॅलेंट (एक टॅलेंट म्हणजे साधारण २६ किलो) चांदीची खंडणी कबूल केली. सिराक्यूजचा राजा दुसरा हिएरो मात्र इ.स.पू. २६३ मध्येच रोमच्या बाजूला आला होता, त्यामुळे त्याचं राज्य आग्नेय कोपऱ्यात तसंच राहिलं.

इटलीबाहेरचा मुलूख कायमचा ताब्यात ठेवण्याची रोमची ही पहिलीच वेळ. इ.स.पू. २२७ मध्ये प्रेटर या अधिकाऱ्यांची संख्या दोनाची चार केली गेली. एक सिसिलीसाठी, एक सार्डिनिया आणि कोर्सिकासाठी. या प्रेटरला आपण सुभेदार म्हणू. त्याची मुदत एक वर्षाची, वाढवली तर जास्त. हाताखाली दोन खजिनदार, एक सिराक्यूजला आणि दुसरा पश्चिमेला लिलिबेउमला, म्हणजे आजच्या मार्सालाला.

हिएरो इ.स.पू. २१५ मध्ये वारला. त्याच्या नातवानं कार्थेजशी हातमिळवणी केली आणि त्यातून सिराक्यूजचा वेढा आला. इ.स.पू. २१२ मध्ये रोमन सेनापती मार्सेलसनं शहर घेतलं. आर्किमिडीज मारला गेला तो याच वेळी. इ.स.पू. २१० मध्ये आग्रिजेंटम पडलं आणि सगळं बेट रोमचं झालं. त्यानंतर सुभेदार लेविनसनं पहिलं काम केलं ते हे, की लोकांना हत्यारं खाली ठेवून नांगर धरायला लावला. रोमला सिसिलीतून काय हवं होतं ते एवढ्यावरून कळतं.

हिएरोचा कायदा

रोमनं सिसिलीत नवी करपद्धत आणली नाही. हिएरोची होती तीच उचलली आणि बेटभर लावली. कायद्याला नावही त्याचंच राहिलं. माझ्या मते सिसिलीच्या रोमन इतिहासातला हा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. त्याचं काम कसं चालायचं ते नीट पाहिलं पाहिजे, कारण पुढची सगळी बिघाडी याच्या एकेका खिळ्याला हात लावल्यामुळे झाली.

दरवर्षी प्रत्येक शहराचे अधिकारी आपल्या हद्दीतल्या शेतकऱ्यांची नोंद करायचे: नाव, पेरलेलं क्षेत्र, घातलेलं बी. ही वही शहराकडे राहायची. म्हणजे पीक उभं राहायच्या आधीच अंदाज कागदावर असायचा. एवढं क्षेत्र, एवढं बी, तर एवढी रास यायला हवी.

मग सिराक्यूजला सुभेदारासमोर दशमांशाच्या मक्त्याचा लिलाव व्हायचा, शहरवार. बोली पैशांत नसायची, धान्यात असायची. मक्तेदार म्हणायचा, या शहराचा दशमांश मी घेतो आणि रोमला इतके मेडिम्नस गहू देतो. प्रत्यक्षात दहावा हिस्सा त्याहून जास्त निघाला तर फरक त्याचा, कमी निघाला तर तोटा त्याचा. बोली धान्यात असल्यामुळे गव्हाचा भाव चढो की पडो, रोमला गहू मिळायचा. आणि लिलाव बेटावरच होत असल्यामुळे गावातली माणसं, कधी खुद्द शहरच, आपल्या दशमांशाची बोली लावू शकायचं. रोममधल्या बड्या मक्तेदार कंपन्यांना इथे सहजी शिरकाव नव्हता. फक्त दारू, तेल आणि किरकोळ पिकांच्या दशमांशाचा लिलाव इ.स.पू. ७५ मध्ये रोमला हलवला गेला.

तिसरी पायरी करारनाम्याची. मक्तेदार आणि शेतकरी यांनी किती द्यायचं ते ठरवून लिहून काढायचं आणि त्याची प्रत शहराच्या अधिकाऱ्यांकडे ठेवायची. कायदा शेतकऱ्यालाही मोकळा सोडत नव्हता. इ.स.पू. ७० च्या त्या खटल्यातला फिर्यादीचा वकील सिसेरो लिहितो, की उभ्या पिकात, खळ्यावर, कोठारात, हलवताना किंवा वाहून नेताना एका दाण्यानंही मक्तेदाराला फसवणं शेतकऱ्याला परवडणारं नव्हतं, दंड इतका जबर होता. पण मक्तेदारालाही दहाव्या हिश्श्याच्या वर दाणा उचलता येत नव्हता. वाद झालाच तर ठरलेल्या नियमानं, शहराच्या वहीचा आणि करारनाम्याचा आधार घेऊन निवाडा व्हायचा.

सगळ्या शहरांना दशमांश लागू नव्हता. मेसाना आणि टाउरोमेनियम (आजचं ताओर्मिना) यांचा रोमशी तह होता. सेंतुरिपे, हालेसा, सेजेस्ता, हालिकिये आणि पानोर्मस (आजचं पालेर्मो) ही पाच शहरं तहाशिवायच करमुक्त होती. काही शहरांची जमीन रोमनं खालसा करून खंडानं दिली होती. बाकी सगळं बेट दशमांशाखाली.

किती गहू जायचा

इथे एक माप समजून घेऊ. मोडियस हे आपल्या पायलीसारखं घनमाप आहे, वजन नव्हे. त्यात साधारण ८.७ लिटर धान्य मावायचं, म्हणजे सुमारे ६.७ किलो गहू. सहा मोडियसांचा एक मेडिम्नस.

इ.स.पू. ७० च्या सुमारास बेटाचा दशमांश वर्षाला सुमारे ३० लाख मोडियस होता. म्हणजे २०,००० टन गहू; आजच्या दहा टनी ट्रकांत भरला तर दोन हजार ट्रक. हा फुकटचा. रोमला तेवढ्यानं भागेना, म्हणून इ.स.पू. ७३ च्या कायद्यानं दुसरा दशमांशही घ्यायचं ठरलं, पण पैसे मोजून: मोडियसला ३ सेस्टर्स (रोमचं चलनी नाणं). त्याखेरीज करमुक्त शहरांसकट सगळ्यांकडून मिळून ८ लाख मोडियस, साडेतीन सेस्टर्सनं. दोन्हींचे मिळून वर्षाला १ कोटी १८ लाख सेस्टर्स रोमहून सुभेदाराकडे यायचे. त्याच वेळी रोममध्ये स्वस्त धान्याच्या यादीतल्या नागरिकाला महिन्याला ५ मोडियस मिळायचे. त्या हिशेबानं सिसिलीचा एकटा दशमांश ५०,००० जणांना वर्षभर पुरायचा. रोमन मुत्सद्दी थोरला केटो सिसिलीला रोमन जनतेची दाई म्हणायचा, ते यामुळेच.

गुलाम

या गव्हामागे आणि बेटावरच्या मोठाल्या चराऊ रानांमागे गुलामांची राबणूक होती. एना हे बेटाच्या मधोमध उंच कड्यावर वसलेलं शहर. तिथला दामोफिलस हा जमीनदार गुलामांना डागण्या देऊन, उपाशी ठेवून राबवायचा. इ.स.पू. १३५ च्या सुमारास त्याच्या गुलामांनी उठाव केला. पुढारी होता युनस, सिरियातल्या अपामिया गावचा. तो भविष्य सांगायचा आणि तोंडातून ज्वाळा काढून दाखवायचा. दोन्हीकडून भोक पाडलेल्या कवचीत निखारा ठेवून तो फुंकायचा, अशी त्याची युक्ती नोंदवलेली आहे. त्यानं अँटिओकस असं राजनाव घेतलं. त्याची तांब्याची लहान नाणी सापडली आहेत आणि त्यावर गव्हाची ओंबी आहे. क्लेऑन नावाच्या सिलिशियन मेंढपाळाची फौज त्याला येऊन मिळाली. इ.स.पू. १३२ मध्ये रोमन सेनापती रुपिलियसनं उठाव मोडला आणि प्रांताच्या न्यायव्यवस्थेचे नियम घालून दिले.

या उठावातल्या दोन गोष्टी मला विसरता येत नाहीत. दामोफिलसला गुलामांनी मारलं, पण ज्या मुलीनं गुलामांच्या जखमा बांधल्या होत्या त्या त्याच्या मुलीच्या केसालाही धक्का लावला नाही. तिला सांभाळून कटानियाला नातेवाइकांकडे पोचवलं. आणि दुसरी: बंडखोरांनी लहान शेतवाड्या जाळल्या नाहीत, साठवलेलं धान्य नासवलं नाही, कारण पुढे आपल्यालाच ते पिकवून खायचं आहे हे त्यांना ठाऊक होतं. जाळपोळ केली ती बेटावरच्या गरीब स्वतंत्र लोकांनी, बंडाच्या आडोशानं. हे इतिहासकार डायोडोरसनं लिहिलंय, आणि तो सिसिलीतल्याच आजिरियमचा.

दुसरा उठाव इ.स.पू. १०४ चा. बेकायदा गुलाम केलेल्या स्वतंत्र माणसांना सोडा, असा रोमच्या सीनेटचा हुकूम आला. सुभेदार नेर्वानं सुनावण्या घेतल्या आणि थोड्याच दिवसांत आठशेहून जास्त माणसं सोडली. मग जमीनदारांनी त्याला गाठलं आणि सुनावण्या बंद झाल्या. दार उघडून तोंडावर आपटलं, आणि लोक उठले. तो उठाव शमायला इ.स.पू. १०० उजाडलं.

व्हेरेसची तीन वर्षं

गायस व्हेरेस इ.स.पू. ७३ ते ७१ सिसिलीचा सुभेदार होता. देवळांतल्या मूर्ती पळवणारा म्हणून तो जास्त ओळखला जातो. पण शेतकऱ्यांचं त्यानं जे केलं ते मूर्तींपेक्षा कितीतरी खोल गेलं.

त्यानं दशमांशाचा दर वाढवला नाही. हिएरोचा कायदा रद्द केला असंही जाहीर केलं नाही. फक्त काही फर्मानं काढली. पहिलं असं: मक्तेदार जेवढा दशमांश सांगेल तेवढा शेतकऱ्यानं द्यायचा. जास्त घेतलं असं वाटलं तर नंतर दावा लावावा, सिद्ध झालं तर मक्तेदाराला आठपट दंड. शेतकऱ्यानं फसवलं तर त्याला चौपटच. कागदावर हे शेतकऱ्याच्या बाजूचं वाटतं, आणि तसंच ते वाटावं म्हणून लिहिलेलं होतं. पण मुळातला क्रम उलटा झाला. आधी करार, मग मोजणी, मग देणं, हा जुना क्रम. आता आधी देणं, मग दावा. दावा चालवणारे पंच कोण? व्हेरेसच्याच गोतावळ्यातले: त्याचा वैद्य, त्याचा शकुन पाहणारा, त्याचा दवंडी पिटणारा. अशा पंचांसमोर आठपट मागायला कोण जाणार?

दुसरं फर्मान: मक्तेदाराशी करार झाल्याशिवाय खळ्यावरून धान्य हलवायचं नाही. तिसरं: दशमांश १ ऑगस्टच्या आत समुद्रकिनाऱ्यावर पोचलाच पाहिजे. ही दोन एकत्र वाचली की कात्री दिसते. उन्हाळ्यातली मळणी झालेली आहे, रास उघड्यावर आहे, पाऊस, पाखरं, चोर यांची भीती आहे, पोचवायची तारीख जवळ येतेय. मक्तेदारानं फक्त बसून राहायचं. दिवस जातील तशी शेतकऱ्याची मान खाली येत जाणार. वर मक्तेदार म्हणेल त्या गावी जाऊन शेतकऱ्यानं जामीन द्यायचा. कामाच्या दिवसांत बेटाच्या दुसऱ्या टोकाला हेलपाटा म्हणजे वेगळा दंडच.

परिणाम लिओंतिनीच्या आकड्यांत दिसतो. तिथे ३०,००० युगेरम पेरल्याची नोंद होती. म्हणजे बी ३०,००० मेडिम्नस. आठपट पीक धरलं तर दशमांश २४,००० मेडिम्नस आणि दहापट धरलं तरी ३०,०००. लिलावात हा मक्ता गेला ३६,००० मेडिम्नसांना. देवानं भरभरून दिलेल्या वर्षीही जेवढा दशमांश निघणं शक्य नव्हतं, तेवढा मक्तेदारानं रोमला देऊ केला, आणि वर स्वतःचा नफाही काढला. हे गणित एकाच रीतीनं जमतं: खळ्यावरून दहावा हिस्सा उचलला जात नव्हता, त्याच्या कित्येक पट उचललं जात होतं. व्हेरेसचा बचाव काय होता? मी दशमांश चढ्या बोलीनं विकला, रोमचा फायदा केला. वरच्याला चढा आकडा दिसतो, खळं दिसत नाही. बहुतेक मोठे मक्ते आप्रोनियस या त्याच्या माणसाकडे होते.

विकत घ्यायच्या गव्हाचीही तीच तऱ्हा. रोमहून आलेल्या पैशांतून नाण्यांची पारख आणि वटणावळ म्हणून कापायचं, जेव्हा सिसिलीत सगळीकडे एकच नाणं चालायचं. मेणाच्या पाटीवर लिहिण्याचा खर्च म्हणून कापायचं. कारकुनाच्या नावानं शेकडा ४ कापायचं. सुभेदाराच्या घरखर्चाच्या गव्हाला सीनेटनं मोडियसला ४ सेस्टर्स मंजूर केले होते आणि बाजारभाव २ ते ३ होता. व्हेरेसनं गहू घेण्याऐवजी शेतकऱ्यांकडूनच मोडियसमागे १२ सेस्टर्स रोख मागितले. कुंपणानंच शेत खाल्लं.

आजिरियमच्या वहीत पहिल्या वर्षी २५० शेतकरी, तिसऱ्या वर्षी ८०. हे आकडे सिसेरोनं दिलेत, आणि तो फिर्यादीचा वकील होता, त्यामुळे त्याची विशेषणं थोडी बाजूला ठेवून वाचावीत. पण आकडे शहरांच्या नोंदवह्यांतले आहेत. तो इ.स.पू. ७५ मध्ये लिलिबेउमला खजिनदार होता, त्याला ही व्यवस्था आतून माहीत होती, आणि खटल्यासाठी तो ५० दिवस बेटावर फिरून कागद गोळा करत होता. इ.स.पू. ७० च्या ऑगस्टमध्ये खटला उभा राहिला. पहिल्या फेरीतला पुरावा ऐकूनच व्हेरेसनं रोम सोडलं आणि तो मसिलियाला, म्हणजे आजच्या मार्सेला, निघून गेला. शेतीचं हे सगळं प्रकरण ज्या भाषणात आहे ते न्यायालयात बोललंच गेलं नाही, लिहून प्रसिद्ध झालं.

नवा सुभेदार मेटेलसनं बेटावर पाऊल ठेवण्याआधीच शहरांना पत्रं पाठवली: पेरा, दशमांश हिएरोच्या कायद्यानंच विकला जाईल. पेरणी करा म्हणून सुभेदाराला विनवावं लागलं, यातच सगळं आलं.

पुढे

सीझरच्या खुनानंतर सेक्स्टस पाँपीनं सिसिली बळकावली आणि रोमकडे जाणारी गव्हाची जहाजं अडवली. रोममध्ये उपासमार आणि दंगली झाल्या. इ.स.पू. ३६ मध्ये नाउलोकसच्या आरमारी लढाईत तो हरला. विजेत्या ऑक्टेव्हियननं बेटावर १,६०० टॅलेंटचा दंड बसवला. टाउरोमेनियमच्या लोकांना गाव सोडायला लावलं आणि पुढे, ऑगस्टस या नावानं सम्राट झाल्यावर, तिथे आणि सिराक्यूज, कटानिया वगैरे शहरांत निवृत्त सैनिकांच्या वसाहती केल्या. इ.स.पू. ३० मध्ये इजिप्त हाती आल्यावर रोमच्या गव्हाचा मोठा भार तिकडे गेला आणि सिसिलीवरची नजर सैल झाली. पुढची काही शतकं शांत गेली. चौथ्या शतकातला पियात्सा आर्मेरिनाजवळचा वाडा, ज्याच्या खोल्यांच्या फरशीवर एकूण सुमारे ३,५०० चौरस मीटर रंगीत खड्यांची चित्रं आहेत, तो या काळातल्या मोठ्या जमीनदारांच्या सुबत्तेचा. पाचव्या शतकात व्हँडल आले, मग गॉथ, आणि इ.स. ५३५ मध्ये सेनापती बेलिसारियसनं बेट पुन्हा रोमच्या, म्हणजे आता कॉन्स्टँटिनोपलच्या, बादशहाकडे आणलं.

तोवर सिसिलीतल्या कितीतरी जमिनी रोमच्या चर्चच्या झाल्या होत्या. इ.स. ५९१ मध्ये पोप ग्रेगरीनं आपल्या तिथल्या कारभाऱ्याला लिहिलं, की कुळांकडून गहू घेताना १८ सेक्स्टारियसपेक्षा मोठा मोडियस वापरायचा नाही. मूळ मोडियस १६ सेक्स्टारियसांचा. माप दोनानं फुगलेलं त्यानं मान्य केलं होतं, त्यापुढे मात्र नाही. बारा वर्षांनी सिराक्यूजच्या कारभाऱ्यानं कळवलं, की एका ठिकाणी कुळांना २५ सेक्स्टारियसांच्या मोडियसनं गहू घालावा लागत होता. नाव मोडियसच, पण भरला की ८.७ लिटरांच्या जागी साडेतेरा लिटरांहून जास्त गहू जायचा. कारभाऱ्यानं ते माप फोडून टाकलं आणि खरं माप करवून घेतलं.